पैलतीरावरचा प्रतिवादी
उजनी जलाशयाकाठच्या गावांतील लहान रकमांचे दावे आणि समन्सची बजावणी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी येथे भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर जलाशयाचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांच्या गावांना भिडले आहे. नदी होती तेव्हाही ती हद्दच होती. परंतु त्या वेळी ऐलतीरावरचा माणूस उन्हाळ्यात पायी उतरून पैलतीरावर जात असे. आता तेच समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा पडतो.

दळणवळण अवघड झाले तरी देवघेव थांबलेली नाही. करमाळ्याच्या बाजूची केळी इंदापूरचा व्यापारी बागेत येऊन नेतो. जलाशयातील मासळी भिगवणच्या बाजारात विकली जाते. ऊसतोडणीसाठी मुकादमाला दिलेली उचल माढ्याहून थेट बीड जिल्ह्यातील खेड्यात पोहोचते. यातील बहुतेक व्यवहार बिनतक्रार पार पडतात. एखाद्या वेळी मात्र तीसचाळीस हजारांची बाकी अडकून राहते. शासकीय हिशेबात ही रक्कम क्षुल्लक वाटेल, परंतु लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने तो एका पिकाच्या खताचा आणि मजुरीचा खर्च असतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणून तो ती रक्कम सोडून देतो, किंवा चढतो ती पायरी चुकीच्या न्यायालयाची असते. दावा बरोबर ठिकाणी दाखल झाला तरी प्रतिवादीला समन्स मिळत नाही, म्हणून तारखांमागून तारखा पडतात. दाव्याचे ठिकाण आणि समन्सची बजावणी हे दोन प्रश्न वरवर वेगळे वाटले, तरी जलाशयाकाठच्या गावांत त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

कोणत्या न्यायालयात जावे

लघुवाद न्यायालय या नावाचे स्वतंत्र न्यायालय मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांतच आहे. तालुक्याच्या ठिकाणी असे लहान दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे चालतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५ प्रमाणे दावा चालविण्यास सक्षम असलेल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयातच तो दाखल करावयाचा असतो. तेव्हा आपल्या माणसाला जिल्ह्याच्या गावी धाव घेण्याचे सहसा कारण नाही. त्याच्यापुढे खरा प्रश्न असतो तो करमाळा की इंदापूर, माढा की अन्य तालुका, हा.

या प्रश्नाचे उत्तर संहितेच्या कलम २० मध्ये आहे. दावा दाखल करतेवेळी प्रतिवादी ज्या न्यायालयाच्या हद्दीत राहतो, धंदा करतो किंवा पोटापाण्यासाठी स्वतः काम करतो, तेथे दावा लावता येतो. ज्या हद्दीत वादकारण पूर्णतः किंवा अंशतः घडले, तेथेही तो लावता येतो. वादीचे स्वतःचे गाव कोणते याचा या कलमात कोठेही उल्लेख नाही. ‘मी करमाळा तालुक्यातला, म्हणून माझा दावा करमाळ्याला’ ही समजूत गावोगाव आढळते. ती खरी नाही. करमाळ्याला दावा चालावयाचा असेल, तर व्यवहाराचा काही ना काही भाग करमाळ्याच्या हद्दीत घडलेला असला पाहिजे.

दोन उदाहरणे घेऊ. समजा, इंदापूरच्या एका व्यापाऱ्याने केत्तूरच्या बागेत येऊन केळीचा दर ठरविला, घड तेथेच तोडून, वजन करून गाडीत भरले आणि पैसे पंधरा दिवसांनी देण्याचे कबूल केले. करार बागेत झाला आणि मालाचा ताबाही बागेतच दिला गेला. म्हणून वादकारणाचा मोठा भाग करमाळा तालुक्यात घडला, आणि करमाळा किंवा इंदापूर यांपैकी कोणतेही न्यायालय निवडण्याची शेतकऱ्याला मुभा आहे. आता दुसरे उदाहरण पाहा. वांगीच्या मच्छीमाराने स्वतः मासळी भिगवणच्या बाजारात नेली, लिलाव तेथे झाला, माल तेथे दिला, पैसेही तेथेच मिळावयाचे होते आणि व्यापारीही तिकडचाच. येथे करमाळ्याच्या न्यायालयाला अधिकारिता उरत नाही. मच्छीमार घरी परतताना बाकीचा विचार करीत आला, एवढ्याने वादकारण त्याच्या गावी येत नाही. त्याला इंदापूरलाच जावे लागेल.

म्हणून व्यवहार कोठे ठरला, माल कोठे दिला आणि पैसे कोठे द्यावयाचे होते, या तीन गोष्टी वादपत्रात स्पष्ट लिहावयास हव्यात. न्यायालयाला अधिकारिता कशी पोहोचते हे दाखविणारी वस्तुस्थिती वादपत्रात नमूद करणे आदेश ७, नियम १ प्रमाणे आवश्यकच आहे. काट्याची पावती, गाडीचे चलन, बँकेचा उतारा, मोबाईलवरील संदेश हे कागद ऐन वेळी शोधण्यापेक्षा व्यवहाराच्या दिवशीच जपून ठेवलेले बरे.

प्रतिवादी एकाहून अधिक असतील आणि त्यांतील एकच करमाळ्याच्या हद्दीत राहत असेल, तरी तेथे दावा लावता येतो. मात्र त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते किंवा उरलेल्या प्रतिवादींची हरकत नसावी लागते. प्रतिवादी कंपनी असेल तर तिचे मुख्य कार्यालय जेथे असेल तेथे दावा चालतो. वादकारण जेथे घडले तेथे तिची शाखा असेल, तर मुख्य कार्यालयाच्या गावी न जाता त्या शाखेच्या ठिकाणी दावा लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पटेल रोडवेजच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीकडे बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. ‘सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारितेत’ अशा अर्थाची ती ओळ असते. ती कितपत बांधून घेते? ज्या न्यायालयाला मुळातच अधिकारिता नाही, तिला ती पक्षकारांच्या कराराने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हाकम सिंग प्रकरणात १९७१ सालीच सांगितले. मात्र दोन न्यायालयांना कायद्याने अधिकारिता असेल, तर त्यांपैकी एकाची निवड कराराने करून दुसरे वगळता येते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून व्यापाऱ्याचा धंदा खरोखरच पुण्यात असेल, तर अशा ओळीखाली सही करताना आपण आपल्या तालुक्याचे न्यायालय गमावीत आहोत, हे शेतकऱ्याने समजून घ्यावे. सही करण्यापूर्वी ती ओळ खोडावयास सांगणे अशक्य नसते. मात्र प्रत्यक्षात तसे सांगणारे फार थोडे.

दावा चुकीच्या न्यायालयात गेला म्हणजे सर्वस्व गेले असे नाही. न्यायालय वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत करते. पहिल्या न्यायालयात सद्हेतूने व पुरेशी दक्षता ठेवून घालविलेला काळ मुदत कायदा, १९६३ च्या कलम १४ प्रमाणे मुदतीतून वगळून मिळतो. परंतु उधारीच्या मालाच्या किमतीच्या दाव्याला मुदतच मुळी तीन वर्षांची आहे. दोन वर्षे अकरा महिने थांबून नंतर घाईत चुकीच्या न्यायालयात गेलेल्या माणसाला आपली दक्षता सिद्ध करणे जड जाते. प्रतिवादीनेही ठिकाणाबद्दलची हरकत शक्य तितक्या लवकर आणि मुद्दे निश्चित होण्यापूर्वी घेतली पाहिजे. निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात प्रथमच ती उपस्थित करता येत नाही.

काही वादांच्या वाटा निराळ्या आहेत, त्या थोडक्यात सांगावयास हव्यात. स्थावर मालमत्तेचा दावा ती मालमत्ता जेथे असेल तेथेच चालतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीच्या ताब्याचा तंटा म्हणूनच उधारीच्या दाव्यासारखा हाताळता येत नाही. जाळी फाडली, नाव फोडली अशा जंगम वस्तूंच्या नुकसानीसाठी नुकसान जेथे झाले तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, कलम १९ प्रमाणे दावा लावता येतो. मात्र भर पाण्यात घडलेली घटना नेमकी कोणत्या तालुक्यात घडली यावर वाद घालीत बसण्यापेक्षा प्रतिवादीच्या राहत्या ठिकाणी जाणे शहाणपणाचे. सहकारी संस्था आणि तिचा सभासद यांच्यातील संस्थेच्या कामकाजाविषयीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. सदोष बियाणे, पंप किंवा यंत्र यांबद्दलची ग्राहकाची तक्रार मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मुळे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे नेता येते. दिवाणी न्यायालयात नसलेली ही सवलत आहे. न वटलेल्या धनादेशाची फौजदारी तक्रार, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश ज्या शाखेतील आपल्या खात्यात भरला त्या शाखेच्या ठिकाणी करता येते. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठविणे त्यासाठी आवश्यक आहे, आणि पुष्कळांची तक्रार अडते ती येथेच.

पत्ता

दावा दाखल झाला की न्यायालय प्रतिवादीच्या नावे समन्स काढते. समन्स बजावल्याखेरीज, किंवा प्रतिवादी आपण होऊन हजर झाल्याखेरीज, दावा पुढे सरकत नाही. कोणाविरुद्ध काय मागणे आहे हे त्याला कळविल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्व त्यामागे आहे.

उजनीकाठच्या गावांत या बजावणीत एक विशेष अडचण येते. धरणामुळे गावे उठली आणि नव्या जागी वसली, तेव्हा एकाच नावाची दोन-तीन गावठाणे तयार झाली. करमाळा तालुक्यात केत्तूर क्रमांक १ व २ आहेत. वांगीलाही असेच क्रमांक आहेत. वादपत्रात नुसते ‘राहणार वांगी, तालुका करमाळा’ असे लिहिले, की बेलीफ एका वांगीत जातो आणि प्रतिवादी दुसऱ्या वांगीत असतो. ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून समन्स परत येते. जुन्या खरेदीखतावर किंवा चिठ्ठीवर बुडालेल्या गावठाणाचा पत्ता असतो आणि तोच वादपत्रात उतरतो. काही कुटुंबे तर पुनर्वसनात मूळ गावापासून दूर गेली आहेत. यास्तव पत्ता लिहिताना गावाचा क्रमांक, वस्तीचे नाव, टपाल कार्यालय, तालुका, जिल्हा, प्रतिवादीच्या वडिलांचे नाव, वय, धंदा आणि मोबाईल क्रमांक हे सर्व द्यावे. एकाच आडनावाच्या आणि एकाच नावाच्या दोन व्यक्ती एका गावात असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही.

समन्स कसे बजावले जाते

प्रतिवादी दाव्याच्या न्यायालयाच्या हद्दीतच राहत असेल तर त्याच न्यायालयाचा बेलीफ समन्स घेऊन जातो. प्रतिवादी दुसऱ्या हद्दीत असेल तर समन्स तेथील न्यायालयाकडे पाठविले जाते. करमाळ्याचे समन्स इंदापूरच्या नाझरकडे आणि तेथून बेलिफाकडे, असा त्याचा प्रवास होतो. या प्रवासात महिने जातात. म्हणून करमाळा आणि इंदापूर अशी निवड खुली असेल तेव्हा घराजवळचे न्यायालय नेहमीच सोयीचे ठरते असे नाही. प्रतिवादीच्या तालुक्यात दावा लावल्यास समन्स लवकर पोहोचते आणि हुकूमनामा झाल्यावर वसुलीची दरखास्तही तेथेच चालते. अन्यथा तो हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तेथील न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. उलट साक्षीदार सगळे आपल्या गावचे असतील तर आपले न्यायालय बरे. हा हिशेब ज्याचा त्याने वकिलाच्या सल्ल्याने मांडावयाचा आहे.

पाण्यावरून जाण्याची वाट जवळची असली तरी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. बेलीफ रस्त्याने वळसा घेऊन येणार हे धरूनच तारखेचा विचार करावा.

बेलिफाखेरीज टपालानेही समन्स पाठविण्याची तरतूद आदेश ५, नियम ९ मध्ये आहे. टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. तेव्हा पोच मिळण्याची सोय करून घेऊनच पाकीट रवाना होईल, याकडे लक्ष द्यावे. पाकीट घेण्यास नकार दिल्याचा टपालाचा शेरा आला, तर न्यायालय समन्स बजावले गेले असे जाहीर करते. पाकीट घेतले नाही म्हणजे आपण सुटलो असे मानणाऱ्या प्रतिवादीला हे माहीत असावे. न्यायालयाने मान्यता दिलेल्या कुरिअरनेही बजावणी होऊ शकते, आणि वादीने मागणी केल्यास नियम ९-अ प्रमाणे समन्स वादीच्या हातीही बजावणीसाठी देता येते. अलीकडे बेलिफाच्या हातातील मोबाईलवर बजावणीची जागा व वेळ नोंदविणारी एनस्टेप ही व्यवस्था ई-न्यायालय प्रकल्पाखाली आली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविलेली नोटीस मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली एका दरखास्तीत ग्राह्य धरली. ती उघडून वाचल्याच्या खुणा तेथे दिसत होत्या. परंतु वादीने आपल्या मनाने पाठविलेला संदेश म्हणजे समन्स नव्हे.

समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हातीच द्यावयाचे असते. तो घरी नसेल, वाजवी वेळेत भेटण्याचा संभव नसेल आणि समन्स स्वीकारण्याचा अधिकार दिलेला कोणी प्रतिनिधीही नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे ते देता येते. १९०८ च्या मूळ नियमात येथे केवळ पुरुषाचा उल्लेख होता. १९७६ च्या दुरुस्तीने ‘पुरुष वा स्त्री’ असा पालट झाला. घरातील आई, पत्नी किंवा सज्ञान मुलगी यांनी स्वीकारलेले समन्स आज तितकेच ग्राह्य आहे. गडी किंवा नोकर मात्र कुटुंबीय धरला जात नाही.

ऊसतोडणीच्या उचलीच्या दाव्यांत वेळेला फार महत्त्व येते. मुकादमाचे घर बीड जिल्ह्यात असले आणि तो हंगामात टोळीसह भलत्याच जिल्ह्यातील फडावर असला, तर दिवाळीनंतर काढलेले समन्स हमखास परत येते. मुदत शिल्लक असेल तर गाळप हंगाम संपून टोळ्या घरी परतल्यावर समन्स निघेल अशा बेताने दावा दाखल करावा. येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. मजुराला कर्जाच्या मोबदल्यात कामाला बांधून ठेवण्याचा प्रकार असेल, तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ प्रमाणे ते कर्जच नष्ट झालेले असते आणि त्याच्या वसुलीचा दावा कोणत्याही न्यायालयात चालत नाही.

गावाचा वाटा

प्रतिवादीने सही करण्यास नकार दिला किंवा योग्य तो शोध घेऊनही तो सापडला नाही, तर बेलीफ समन्सची प्रत त्याच्या राहत्या घराच्या बाहेरील दारावर किंवा दर्शनी भागावर चिकटवितो. त्याच्या अहवालात घर कोणी दाखविले आणि प्रत कोणासमक्ष चिकटविली, त्या व्यक्तीचे नाव व पत्ता असावा लागतो. या ठिकाणी सरपंच, पंचायत सदस्य, पोलीस पाटील यांचे साहाय्य मोलाचे ठरते. पुष्कळदा गावात कोणी पुढे येत नाही. ‘आपल्या माणसाच्या दाराला कागद चिकटविण्यात आपण का पडावे’ अशी भावना त्यामागे असते. ती समजण्याजोगी असली तरी तिने त्या माणसाचे हित होत नाही. घर दाखविले नाही म्हणून दावा रद्द होत नाही. पुढे तो वृत्तपत्रातील जाहीर समन्सावर एकतर्फी चालतो आणि प्रतिवादीला आपली बाजू मांडण्याची संधीच राहत नाही. घर दाखविणारा वादीचा पक्ष घेत नसतो. तो केवळ हे घर याचे आहे एवढेच सांगत असतो.

शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी, जिल्हा परिषदेचे सेवक किंवा शासकीय अधिकारी प्रतिवादी असतील, तर न्यायालय समन्स त्यांच्या कार्यालयप्रमुखाकडे पाठवू शकते. अशा वेळी ते संबंधिताला देऊन त्याची लेखी पोच न्यायालयाकडे पाठविणे, आणि देणे शक्य नसल्यास त्याची कारणे सविस्तर लिहून समन्स परत करणे, हे त्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. समन्स आवक नोंदवहीत चढवून टेबलावर पडू देणे हा त्या कर्तव्याचा भंग होय.

सर्व प्रयत्न फसले आणि प्रतिवादी बजावणी चुकविण्यासाठी दूर राहत आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर पर्यायी बजावणीचा आदेश मिळतो. वृत्तपत्रातून समन्स प्रसिद्ध करावयाचे असेल तर ते प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात आले पाहिजे. बीडच्या मुकादमासाठी सोलापूरच्या दैनिकात दिलेली जाहिरात निरुपयोगी ठरते.

समन्स बजावणीविना परत आले तर वादीने स्वस्थ बसू नये. परतीचा अहवाल न्यायालयात आल्यापासून सात दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज केला नाही, तर त्या प्रतिवादीविरुद्धचा दावा निकालात काढला जाऊ शकतो. पूर्वी ही मुदत यापेक्षा अधिक होती. जुन्या माहितीवर चालणारे पक्षकार येथे फसतात. प्रतिवादीच्या बाजूने पाहता, समन्स योग्य रीतीने न बजावताच एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर त्याची माहिती झाल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. मात्र तारीख त्याला ठाऊक होती आणि हजर राहण्यास पुरेसा वेळही होता असे दिसून आले, तर केवळ बजावणीतील किरकोळ दोषावर हुकूमनामा रद्द होत नाही.

दाव्याची रक्कम २५,००० रुपयांपर्यंत असेल तर दुसरे अपील नाही. अशा वादात दोन्ही पक्ष तयार असतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून, दावा दाखल करण्यापूर्वीही, प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते आणि तिच्यावर अपील चालत नाही. दावा आधीच दाखल असेल तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातील समितीच्या कार्यालयात द्यावयाचा असतो.